विहिरींच्या वेबसाइटसाठी फुकटात न्यूजलेटर: पहिल्या चौकशीपासून पहिल्या अंकापर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी, बारवा आणि तळ्यांच्या नोंदी ठेवणारी एक छोटी वेबसाइट मी गेली काही वर्षं चालवते. लिंब गावातली बारा मोटांची विहीर बहुतेकांना ठाऊक असते. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली, हे तिथल्या शिलालेखावरूनच कळतं. पण वाई, कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांत अशा कितीतरी विहिरी आहेत, ज्यांचं नाव गावाबाहेर कुणाला माहीत नाही. एखादा लेख वाचून कुणीतरी कळवतं, ‘आमच्या मळ्यातही एक आहे, येऊन बघा,’ आणि पुढची नोंद मिळते. हे काम वाचकांच्या जिवावर चालतं. नवा लेख त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, तर पुढचं सगळंच अडतं.

आणि तो पोचत नव्हता. फेसबुकवर दुवा टाकला तरी तो कुणाला दिसेल आणि कुणाला नाही, हे आपल्या हातात नसतं. व्हॉट्सॲपचा ग्रुप काढून पाहिला, पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. काही वाचक बायकांनी मला सरळ सांगितलं की, लेख हवेत, पण अनोळखी माणसांत नंबर नको. त्यांचं म्हणणं अगदी योग्य होतं. व्हॉट्सॲप चॅनेलवर नंबर झाकलेला राहतो, पण तिथं वाचकाला उलट पत्र लिहिता येत नाही, आणि मला तर नेमकी तीच उलट पत्रं हवी होती. कराडचे एक काका आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. ते फोनवर म्हणायचे, “ताई, नवीन काय टाकलं की कळवत जावा की. मी आपलं रोज उघडून बघतो.” त्यांना रोज उघडून बघावं लागू नये, एवढीच माझी गरज होती.

पूर्वी ही सोय वेबसाइटवर होती. फीडबर्नर नावाच्या गूगलच्या सेवेचा एक चौकोन असायचा. त्यात ईमेल पत्ता भरला की नवा लेख आपोआप मेलने जायचा. जुलै २०२१ पासून गूगलने फीडबर्नरची ईमेल सोय बंद करायला घेतली आणि मराठीतल्या पुष्कळ लिहिणाऱ्यांचा तो धागा तुटला. नंतर काहीजण टायनीलेटरकडे वळले, तीही सेवा फेब्रुवारी २०२४ अखेर बंद झाली. या दोन्हींवरून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली: सेवा कुठलीही घेऊ, वाचकांची यादी आपल्याला हवी तेव्हा उतरवून घेता आली पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय मी याच कसोटीवर केला.

२०२५ची संक्रांत झाल्यावर चौकशीला लागले. सगळ्यात आधी जीमेलमधूनच ‘बीसीसी’त, म्हणजे पत्ते एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात, सगळ्यांचे पत्ते टाकून पाठवायचा विचार मनात येतो. तो करू नका. साध्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, पण खरी अडचण ती नाही. अशा मेलमधून वाचकाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. नको असलेला माणूस मग ‘स्पॅम’चं बटण दाबतो, आणि अशी काही बटणं दाबली गेली की आपल्या पत्त्यावरून आलेलं प्रत्येक पत्र संशयित ठरायला लागतं.

मग न्यूजलेटरच्या सेवा बघितल्या. ‘फ्री’ हा शब्द सगळीकडे मोठ्या अक्षरांत असतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा. कुणी वाचकांच्या संख्येवर मर्यादा घालतं, कुणी मेलच्या संख्येवर. मी बघितलं तेव्हा बटनडाउन पहिल्या १०० वाचकांपर्यंत फुकट होतं, किट १०,००० वाचकांपर्यंत. सबस्टॅक वाचक कितीही असले तरी पैसे घेत नाही. तुम्ही वाचकांकडून वर्गणी घ्यायला लागलात तर त्यातले १० टक्के घेतं. ब्रेव्होची मर्यादा वाचकांपेक्षा मेलवर होती, दिवसाला ३००. मेलचिंपची फुकट मर्यादा एके काळी २,००० जणांची होती, ती टप्प्याटप्प्याने खाली आली आहे. म्हणून नाव ऐकून किंवा जुना लेख वाचून सेवा घेऊ नका. ज्या दिवशी नाव नोंदवणार त्या दिवशी त्या सेवेचं दरपत्रकाचं पान उघडून वाचा. वर्डप्रेसवर वेबसाइट चालवणाऱ्यांना जेटपॅक नावाच्या जोडणीतूनही लेख मेलने पाठवता येतात आणि ज्यांना फक्त ‘नवा लेख आला’ एवढंच कळवायचं आहे त्यांना तेवढं पुरेल. मला मात्र महिन्यातून एकदा वेगळं पत्र लिहायचं होतं. त्यात लेखांचे दुवे, एखादं छायाचित्र आणि वाचकांनी कळवलेल्या विहिरींची माहिती असं सगळं हवं होतं.

पहिल्या सेवेत नाव नोंदवलं तिचं नाव इथं घेत नाही. खातं उघडलं, ‘तुमचं खातं तपासणीत आहे’ असं उत्तर आलं, आणि काही दिवसांनी ‘तुम्हाला सेवा देता येणार नाही’ असा ठरावीक साच्यातला मेल. कारण विचारलं तर पुन्हा तोच मजकूर. वाईट वाटलं, कारण लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पुढं वाचनात आलं की फुकट खात्यांचा वापर फसवणुकीचे मेल पाठवणारे भरपूर करतात, त्यामुळे सगळ्याच सेवा नव्या खात्याकडे संशयाने बघतात. तुमच्याबाबतीत असं झालं तर त्यात स्वतःची काही चूक शोधत बसू नका, दुसरी सेवा बघा.

दुसरी सेवा मी ब्रेव्हो निवडली. महिन्याला एक पत्र आणि वाचक शे-दोनशे, त्यामुळे दिवसाला ३०० मेल मला भरपूर होते. यादी हवी तेव्हा फाइल करून उतरवता येत होती, हे मुख्य. पत्राच्या तळाशी त्यांचं चिन्ह येतं, ते मला चाललं. खातं उघडताना वेबसाइटचा पत्ता, मोबाइल नंबर, टपालाचा पत्ता आणि वाचकांचे ईमेल कुठून मिळवणार, असं सगळं विचारलं. त्याआधी मी वेबसाइटवर ‘या कामाविषयी’ हे पान नीट लिहून काढलं होतं: काम काय, चालवतं कोण, संपर्क कुठं करायचा. तुम्हीही ते आधी करा. समोरच्याला आपल्याविषयी जे कळायचं ते त्या पानावरूनच कळतं.

टपालाच्या पत्त्यापाशी मात्र मी थांबले. अमेरिकेच्या २००३च्या कायद्यानुसार व्यावसायिक मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो. त्यामुळे जगभर वापरल्या जाणाऱ्या या सेवा सगळ्यांकडूनच पत्ता घेतात आणि तो प्रत्येक पत्राच्या तळाशी छापतात. घराचा पत्ता असा अनोळखी लोकांपर्यंत जावा हे मला नको होतं, घरच्यांनाही नको होतं. पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो, तो एक रस्ता होता. पण मी ज्या वाचनालयाची जुनी सभासद आहे, तिथल्या कार्यवाहांना सहज विचारलं तर ते म्हणाले, “आमचा पत्ता द्या की. फक्त अर्ज करा, म्हणजे सभेत ठेवता येईल.”

एका पानाचा अर्ज दिला. काम काय, त्यातून उत्पन्न नाही, वाचनालयाच्या नावाने कुठलाही व्यवहार होणार नाही, पत्ता फक्त ‘द्वारा’ म्हणून वापरला जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं. कार्यकारिणीची सभा महिन्यातून एकदाच होते आणि जानेवारीची नुकतीच झालेली. म्हणून फेब्रुवारीपर्यंत वाट बघितली. सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं की या पत्त्यावर कुणाची कोर्टाची नोटीस आली तर काय करायचं. प्रश्न बरोबर होता. ‘आलेलं टपाल अर्जदाराने आठवड्याच्या आत उचलावं, त्याची जबाबदारी वाचनालयावर नाही’ असं वाक्य ठरावात घातलं गेलं आणि ठराव मंजूर झाला. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घेऊन ठेवली आहे. अशी परवानगी तोंडी मिळाली तरी कागदावर घ्या. पदाधिकारी बदलतात.

ते दिवस वाया जाऊ नयेत म्हणून दरम्यान तांत्रिक भाग हाती घेतला. या भागाची सगळ्यांना धास्ती वाटते, मलाही वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूजलेटर पाठवताना ‘कडून’ या जागी साधा जीमेलचा पत्ता चालत नाही. जीमेलच्या नावाने बाहेरच्या यंत्रणेतून आलेला मेल जीमेललाच खोटा वाटतो. म्हणून स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे आपल्या वेबसाइटच्या नावाचा, पत्ता लागतो. माझं डोमेन ‘डॉट इन’चं आहे आणि त्याचे वर्षाला हजाराच्या आतच पैसे जातात. होस्टिंगबरोबर, म्हणजे वेबसाइट जिथं ठेवलेली असते त्या सेवेबरोबर, एक-दोन टपालपेट्या फुकट मिळतात. त्यातली एक ‘पत्र’ या नावाने काढली आणि तिथं येणारं सगळं माझ्या नेहमीच्या जीमेलवर वळवलं. नुसता पाठवण्यापुरता पत्ता काढू नका. वाचक उत्तर देतात आणि ते उत्तर कुठंतरी उघडलं गेलं पाहिजे.

त्यानंतर डोमेनची ओळख पटवायची. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी यासाठीचे नियम कडक केले. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुकसाठी तसंच केलं. सगळ्यात कडक अटी दिवसाला ५,०००च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आहेत, पण आपलं पत्र स्पॅममध्ये जाऊ नये असं वाटत असेल तर लहान माणसानेही त्या पाळलेल्या बऱ्या. यात तीन नावं येतात. एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी गुप्त खूण, जुन्या पत्रांवरच्या मोर्तबासारखी. वाटेत पत्रात फेरफार झाला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे या दोन्हींतलं एकही जुळलं नाही तर त्या पत्राचं काय करायचं, याची समोरच्या यंत्रणेला आपण दिलेली सूचना.

हे तिन्ही डोमेनच्या ‘डीएनएस’ नावाच्या पानावर टाकायचं असतं. डोमेन जिथून घेतलं तिथं किंवा होस्टिंगच्या नियंत्रण पानावर ते सापडतं. ब्रेव्होने मला ओळखीचा एक कोड, डीकेआयएमची नोंद आणि डीमार्कची नोंद अशा ओळी तयार करून दिल्या. आपण त्या जशाच्या तशा उचलून चिकटवायच्या. हाताने टाइप करू नका, डीकेआयएमची ओळ फार लांब असते. चिकटवल्यावर शेवटी मोकळी जागा राहिलेली नाही ना, ते बघा. नोंदीच्या नावाच्या रकान्यात एक मेख असते. काही होस्टिंगवाले त्या रकान्यात आपल्या डोमेनचं नाव स्वतःहून जोडतात. आपणही पूर्ण नाव टाकलं तर ते दोनदा लागतं आणि नोंद कधीच सापडत नाही. म्हणून जतन केल्यावर यादीत नोंद कशी दिसते ते एकदा वाचून घ्या.

एसपीएफची नोंद माझ्या होस्टिंगवाल्यांनी आधीच टाकलेली होती. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन झाल्या की तपासणी फसते. पुढं कुठल्या सेवेने एसपीएफमध्ये स्वतःचं नाव घालायला सांगितलं, तर नवी ओळ न करता जुन्या ओळीतच ते जोडायचं. डीमार्कच्या ओळीत सुरुवातीला ‘पी’च्या पुढं ‘नन’, म्हणजे ‘काहीच करू नका’, असं ठेवावं, म्हणजे काही चुकलं तरी पत्र अडवलं जात नाही, फक्त अहवाल येतो. सगळं सुरळीत चाललंय असं दिसलं की ते कडक करता येतं.

नोंदी टाकल्यावर जगभर पोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. ब्रेव्होच्या पानावर पहिली नोंद संध्याकाळपर्यंत हिरवी, म्हणजे मान्य, झाली, बाकीच्या दुसऱ्या दिवशी. त्या वेळात पुन्हा पुन्हा काही बदलत बसू नका, नाहीतर नेमकं काय चाललं आणि काय नाही ते कळत नाही. सगळं हिरवं झालं की स्वतःच्या जीमेलवर एक चाचणीपत्र पाठवा. संगणकावर ते उघडून तीन टिंबांच्या यादीतलं ‘शो ओरिजिनल’ दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे तीन रकाने दिसतात आणि प्रत्येकापुढं ‘पास’ यायला हवं. माझ्या पत्रापुढं तिन्ही ‘पास’ दिसले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी घरात सगळ्यांना उठवून दाखवलं.

आता वाचक. जुन्या लेखांखाली अभिप्राय लिहिताना लोकांनी ईमेल पत्ते दिलेले होते आणि ते सगळे माझ्याकडे पडून होते. एका ओळखीच्यांनी सुचवलं की तेच टाका, सुरुवातीलाच यादी भरेल. मी ते केलं नाही. अभिप्रायासाठी दिलेला पत्ता हा अभिप्रायापुरताच दिलेला असतो. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याचा गाभाही हाच आहे: ज्या कामासाठी विचारलं त्याच कामासाठी वापरायचं, आणि विचारायचं ते समजेल अशा भाषेत. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. आपल्या गावच्या विहिरीची माहिती विश्वासाने देणाऱ्या माणसाचा पत्ता न विचारता वापरणं मला पटत नाही.

म्हणून फॉर्म नव्याने केला. त्यात दोनच रकाने, नाव आणि ईमेल. गाव विचारायचा मोह झाला होता, पण रकाना वाढला की भरणारे कमी होतात, आणि गाव पुढं पत्रातून कळतंच. फॉर्मच्या वर लिहिलं: ‘महिन्यातून एकदा पत्र येईल. तुमचा पत्ता इतर कुणाला दिला जाणार नाही. नको वाटलं तर पत्राच्या तळाशी बाहेर पडायचा दुवा आहे.’ त्यापुढची पायरी खात्रीची. फॉर्म भरला की वाचकाला एक मेल जातो, त्यातलं बटण दाबलं तरच नाव यादीत चढतं. यात काही वाचक गळतात हे खरं, पण चुकीचे पत्ते आणि दुसऱ्याच्या नावाने भरलेले पत्तेही गळतात. खात्रीचा मेल इंग्रजीत तयार असतो. तो काढून साध्या मराठीत लिहा आणि बटणावर ‘होय, मला पत्र पाठवा’ असं काहीतरी स्पष्ट ठेवा. फॉर्म भरल्यावर दिसणारं ‘मेल तपासा’ हे पान आणि बाहेर पडल्यावर दिसणारं पान, हीही मराठीत करून घ्या. ती बहुतेकांच्या लक्षातून सुटतात.

फेब्रुवारीच्या शेवटी वाचनालयातच जुन्या विहिरींवर माझं छोटं व्याख्यान होतं. दाराशी वही ठेवली. ज्यांना पत्र हवं त्यांनी नाव आणि ईमेल लिहावा, वर तीच तीन वाक्यं. वहीतले पत्ते वाचणं हे एक कामच होतं. ‘एल’ आहे की एकचा आकडा, अंडरस्कोअर आहे की रेघ, ‘रेडिफमेल’मध्ये ‘एफ’ दोन आहेत का. रेडिफमेलचे पत्ते आमच्या पिढीत अजून बऱ्याच जणांचे चालू आहेत. पुढच्या वेळेपासून वहीशेजारी क्यूआर कोडही छापून ठेवते, तरुण मंडळी जागेवरच फॉर्म भरतात. वही मात्र काढलेली नाही, ज्येष्ठांना तीच सोयीची पडते. वहीतल्या सगळ्यांनाही खात्रीचा मेल गेला.

आणि तिथं गाडं अडलं. होकार थोड्यांचेच आले. ज्यांचे आले नाहीत त्यांतल्या ओळखीच्यांना फोन केले तेव्हा कळलं, मेल स्पॅममध्ये किंवा जाहिरातींच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात जाऊन पडलेत. एखाद्या डोमेनवरून अशी पत्रं नव्यानेच जायला लागली की सुरुवातीला असं होतं. कराडच्या काकांनाही फोन लावला.

“काका, मोबाइलवर जीमेल उघडलंय ना? वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेषा दिसतात का?”

“दिसत्यात.”

“त्यांच्यावर बोट ठेवा.”

“ठेवलं. लई मोठी यादी आली.”

“ती खाली सरकवत न्या. ‘स्पॅम’ असं दिसेल, ते उघडा.”

जरा वेळ काही आवाज नाही. मग, “हाय की! विहिरीचं नाव दिसतंय. पण ताई, हितं बँकेच्या नावानं पण काय काय आलंय.”

“त्यातलं काहीच उघडू नका. फक्त आपलं उघडा, आणि वर ‘नॉट स्पॅम’ असं लिहिलंय ते दाबा. मग ते नेहमीच्या डब्यात जाईल, तिथं जाऊन ‘होय’चं बटण दाबा.”

दाबलं. “एवढंच व्हय? आता येणार ना आपोआप?”

येणार म्हटलं. तेव्हापासून फॉर्म भरल्यावरच्या पानावर मी एक वाक्य वाढवलं आहे: ‘पाच मिनिटांत मेल दिसला नाही तर स्पॅम आणि प्रमोशन्स बघा, सापडल्यावर ‘नॉट स्पॅम’ दाबा आणि हा पत्ता आपल्या संपर्कयादीत जतन करा.’ एवढ्या एका वाक्याने होकार वाढले. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून घाला.

मार्चमध्ये पहिला अंक लिहायला घेतला. मराठीत लिहिणाऱ्यांना इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठं पत्र मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश बघा’ असा दुवा देतं. छायाचित्रं यात धरली जात नाहीत, पण मजकूर आणि त्यामागची मांडणी धरली जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं. ‘विहीर’ शब्दात अशी पाच चिन्हं आहेत: व, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र. रोमन लिपीतली पाच अक्षरं पाच बाइटांत बसतात, ‘विहीर’ला पंधरा लागतात. म्हणजे इंग्रजी न्यूजलेटरवाले जेवढं लिहितात तेवढंच मराठीत लिहिलं तर आपलं पत्र त्यांच्या कितीतरी आधी कापलं जाऊ शकतं. आणि कापलं गेलं की तळाचा बाहेर पडायचा दुवाच लपतो. मग नको असलेला वाचक स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून मी पूर्ण लेख पत्रात घालत नाही. दोन-तीन परिच्छेद आणि पुढं वाचण्यासाठी दुवा. तयार साचेही साधे, एका रकान्याचे घेतले, सजावट जितकी जास्त तितकं वजन जास्त. दुसऱ्या ठिकाणाहून मजकूर चिकटवताना ‘साधा मजकूर’ म्हणूनच चिकटवा, नाहीतर वर्डमधलं नको ते सगळं बरोबर येतं.

अक्षराच्या वळणाचा हट्टही सोडला. मेलमध्ये आपण निवडलेला फॉण्ट बहुतेक ठिकाणी उमटतच नाही, वाचकाच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉण्ट असेल तोच दिसतो. आकार मात्र १७-१८ ठेवा आणि ओळींत अंतर जास्त द्या, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. छायाचित्रं ६०० पिक्सेल रुंदीची आणि वजनाने हलकी केली, डोंगराकडच्या गावांत नेट अजून रडतखडतच चालतं. प्रत्येक छायाचित्राला शब्दांत वर्णन दिलं, कारण काहींच्या मेलमध्ये छायाचित्रं आपोआप उघडत नाहीत. विषयाची ओळ छोटी ठेवली. मोबाइलवर सुरुवातीचे चार-पाच शब्दच दिसतात, तेव्हा गावाचं नाव आधी आलेलं चांगलं.

पाठवण्याआधी जीमेल, आउटलुक आणि रेडिफमेल अशा तिन्हीकडं चाचणी पाठवली आणि प्रत्येक दुवा दाबून बघितला. अंक गुढीपाडव्याला, ३० मार्चला पाठवायचं ठरवलं. रविवार होता, लोक घरी असणार. सकाळी गुढी उभारली, पूजा झाली आणि मग ‘पाठवा’ दाबलं. वेळ लावून ठेवता येते, पण पहिल्या वेळी स्वतः दाबावंसं वाटलं. हात थोडे गार पडले होते.

दुपारपर्यंत काही पत्ते परत आले. त्यात दोन प्रकार असतात. पत्ताच अस्तित्वात नसेल तर सेवा तो स्वतःच बाजूला काढते, त्याचा पुन्हा नाद करू नये. पेटी भरलेली असेल तर पुढच्या वेळी जाऊ शकतं. ‘किती जणांनी उघडलं’ हा आकडा समोर दिसतो, त्यावर फार विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की वाचकाने पत्र उघडलं नाही तरी उघडल्यासारखं मोजलं जातं. मी दोनच गोष्टी बघते: उत्तरं किती आली आणि तक्रारी किती झाल्या. जीमेलच्या नियमात स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत कधीच पोचू नयेत असं आहे, आणि ०.१च्या खाली राहिलेलं चांगलं. छोट्या यादीत एका माणसाच्या तक्रारीनेही हा आकडा पुष्कळ वर जातो. म्हणून बाहेर पडायचा दुवा मी तळाशी तर ठेवतेच, पण वर सुरुवातीलाही एका ओळीत देते. कुणी बाहेर पडलं की पहिल्या अंकाला मनाला लागलं होतं. आता नाही लागत. तो माणूस जाताना दार नीट लावून गेला, एवढंच मानते.

उत्तरं मात्र आली, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ती हीच. माण तालुक्यातल्या एका वाचकाने पाडव्याच्याच रात्री छायाचित्रं पाठवली. शेतातल्या विहिरीतलं पाणी चैत्रात खाली गेलं की पायऱ्यांच्या शेवटच्या टप्प्यावर एक कोरीव दगड उघडा पडतो, पावसाळा लागला की तो पुन्हा पाण्याखाली. त्यांनी लिहिलं होतं, ‘लवकर या, वळिवाच्या आधी.’ आम्ही एप्रिलमध्ये जाऊन आलो. दगडावरची अक्षरं पुष्कळ झिजली आहेत, ठसा घेतला आहे, वाचन चालू आहे. गावाचं नाव त्यांच्या संमतीने पुढच्या नोंदीत येईल.

खर्चाचं म्हणाल तर न्यूजलेटरच्या सेवेला एकही रुपया गेलेला नाही. डोमेन आणि होस्टिंग आधीपासून होतंच, त्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. त्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे, कारण डोमेनची मुदत टळली की वेबसाइटही जाते आणि पत्र पाठवायचा पत्ताही. बाकी झेरॉक्स आणि क्यूआर कोडची छपाई, एवढंच. वेळ मात्र खरा गेला, जानेवारी ते मार्च, त्यातला मोठा भाग सभेची वाट बघण्यात आणि फोन करण्यात.

दर महिन्याला अंक गेला की मी यादी उतरवून घेते. ती ‘सीएसव्ही’ प्रकारची फाइल असते. एक्सेलमध्ये ती सरळ दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. घाबरू नका, फाइल खराब झालेली नसते. एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ हा पर्याय घ्या आणि लिपीच्या रकान्यात यूटीएफ-८ निवडा, किंवा सरळ गूगल शीटमध्ये उघडा. आणि तशी चिन्हं दिसत असताना चुकूनही ‘सेव्ह’ करू नका. फाइलला पासवर्ड घालून पेन ड्राइव्हवर ठेवते, कारण त्यात लोकांची नावं आणि पत्ते आहेत. व्हॉट्सॲपवरून ती कुणालाच पाठवत नाही, मदत करणाऱ्यांनासुद्धा.

यादी ३००च्या वर गेली की एका दिवसात सगळ्यांना पत्र जाणार नाही. तेव्हा यादीचे दोन भाग करून शनिवारी एक आणि रविवारी दुसरा, असं पाठवायचं ठरवलं आहे. भाग आडनावांवरून किंवा गावांवरून करत बसू नका. नोंदणीच्या तारखेवरून करा, ते सगळ्यात सोपं पडतं आणि नवा वाचक कुठल्या भागात घालायचा हा प्रश्न उरत नाही.